शर्टाखालची ऑर्डर

मिथुनभाऊ, जयभीम.

फोनवर तू मले बोलूच देत नाईस, म्हणून लिहून राह्यली. हो, तू लावून दिलेली चंद्रपूरच्या दवाखान्यातली नर्सची नोकरी मी एकोणीस दिवसांत सोडली. डॉक्टरसमोर तुही मान खाली गेली? जाऊ दे.

रविवारी आईचं बीपीचं मशीन शोधत होती, तं तुह्या कपाटात शर्टाखाली माही भामरागडच्या सरकारी नोकरीची ऑर्डर सापडली. रुजू व्हायले दोनच दिवस उरले होते! जंगलात गेलेल्या पोरीचं लग्न जमत नाई म्हणून लपवली म्हणतोस. मले एकदा विचारलं काऊन नाई?

मी वेळेवर रुजू झाली, इथी भामरागडात बरी आहो. आई गोळ्या घेते ना? पावसाळाभर रस्त्याचा भरवसा नाई, तवा तिचं बीपी आता तूच मोज. मशीन त्याच शर्टाखाली ठेवून आली. ती जागा तुले माहीत आहे.

तुही बहीण,
नीलिमा