मायोर्कात कानाला मान आहे

३ नोव्हेंबर
ठरलं. सेलूतलं मोटार रिवाइंडिंगचं दुकान सोडायचं आणि मायोर्काला जायचं. स्पेनचं बेट आहे. भाचा आदेश तिथे एका हॉटेलात मेंटेनन्सला आहे. म्हणाला, मामा, इथे जिथे हॉटेल तिथे पोहायचा तलाव, तलाव तिथे पंप, पण पंपाचं दुखणं ओळखणारा माणूस नाही. मॅनेजरला त्याने सांगून ठेवलंय, आमचे मामा मोटार उघडत नाहीत, नुसता कान लावून कोणतं बेअरिंग गेलंय ते सांगतात. खरंच आहे. डिप्लोमा नाही आपल्याकडे, कान आहे. दुकान त्याच्यावर, घर त्याच्यावर.
बायकोने, नलूने विचारलं, मी तिथे काय करू? म्हटलं, समुद्र बघ.

७ नोव्हेंबर, सकाळी
स्पॅनिश सुरू. मोबाइलमधली बाई फार पुटपुटते. आवाज फुल केला तरी नुसतं फू-फू. शेजारचा माणूस भांडायला आला, आवाज कमी करा म्हणून. दुसऱ्याचं शिक्षण लोकांना बघवत नाही.

१२ नोव्हेंबर
बाबारावांची विहिरीवरची मोटार आली. चालवून ऐकली. लोण्यासारखी. घेऊन जा म्हटलं. ते जागचे हलेनात. आतून घासून राह्यली नं प्रभाकरराव, म्हणे. शेतकरी माणूस, उगाच घाबरतो.

१४ नोव्हेंबर
बाबारावांची मोटार जळाली. व्होल्टेज. दुसरं काय?

१९ नोव्हेंबर
कुकरची शिट्टी बिघडली. मी ओट्याशेजारीच बसून स्पॅनिश घोकत होतो, वाजलीच नाही. नलू बाजारातून आली तेव्हा डाळीचा कोळसा. नवी शिट्टी आणली. तीही मुकी निघाली. हल्ली माल कसला येतो! कडुनिंबावरचे पोपटही यंदा गप्प आहेत. दिसतात, पण बोलत नाहीत. हवा बदलली.

२४ नोव्हेंबर
वर्धा रोडवर एसटी मागून आली ती थेट अंगावर. हॉर्न नाही, काही नाही. स्कूटर खड्ड्यात गेली म्हणून वाचलो. पुढे जाऊन ड्रायव्हर खाली उतरला. शिव्या देत असावा, तोंड तसं हलत होतं. बिनहॉर्नची गाडी चालवून वर मलाच!
नलूला सांगितलं तर म्हणाली, वर्ध्याला कानाच्या डॉक्टरकडे चला. म्हटलं, कोणाला दाखवायचंय? बोलतेस तू हळू आणि डॉक्टर मला? ती पाठ फिरवून भांडी घासत राहिली. नंतर काही बोलली की नाही, कळलं नाही.

२८ नोव्हेंबर
माझ्या हाताखाली शिकलेल्या भूपेंद्रला दुकान द्यायचं कबूल केलं. त्याने स्वतःच्या नावाची पाटी रंगवायलाही टाकली. आता मागे फिरणं नाही.

२ डिसेंबर, दुपारी
इंटरव्ह्यू. इस्त्रीचा शर्ट घातला. व्हिडिओ कॉलवर आदेश, शेजारी मॅनेजर. गोरा, हसरा. आधीच ठरलं होतं, आदेश फोन एका बिघडलेल्या पंपाजवळ नेणार, मी ऐकून सांगणार. फोन कानाला लावला, डोळे मिटले. थांबलो. साहेबांना घाई नसावी. मग मीच रुबाबात म्हटलं, करा सुरू.
पुन्हा म्हटलं.
नलू उठली. माझा चेहरा दोन्ही हातांनी धरून स्वतःकडे वळवला आणि अगदी कानाशी येऊन म्हणाली, "अवो, चालूच हाये थो. बोंबलून राह्यला. मले एथवरी आयकू येते."
फोनमध्ये पाहिलं. मॅनेजर हसत नव्हता.

३ डिसेंबर
स्पेनचे पंप फार भारी. आवाजच ठेवत नाहीत. अशा ठिकाणी माझ्यासारख्याची गरज काय? आदेशचा मेसेज आला. मामा, तूर्त राहू द्या, आधी कान दाखवून घ्या. पोरगं परदेशात जाऊन शेफारलं.

९ डिसेंबर
मायोर्का रद्द. खारी हवा, बेअरिंगला वाईट.
दुकानावर भूपेंद्रची पाटी लागली. मी बाहेर स्टुलावर बसतो. गिऱ्हाईक रामराम करून आत जातं. भूपेंद्र मोटारीला कान लावतो, मी त्याचा चेहरा बघतो.
जेवणाच्या वेळी नलू दुकानापर्यंत येते. लांबून हाक मारायची सोडली तिने. खांद्याला हात लावते आणि बोटं तोंडाकडे नेऊन दाखवते. परदेशात लोक असेच हातवारे करून बोलतात म्हणे. जायचं रद्द झालं, तरी ती शिकून बसली.