बंद न केलेला टॅग

सोमवार, ३
एकदाची नोकरी लागली! अभिलेखागार म्हणजे धूळ आणि खोकला असं मला वाटलं होतं, पण खोली चांगली उजेडाची आहे, खुर्ची फिरते आणि चहा दोनदा मिळतो. जुन्या कागदांच्या खोक्यांची सूची संगणकावर चढवायची, म्हणजे ज्याला जे हवं ते घरबसल्या सापडेल. शिकवायला एक बाई आहेत. शिवाय धड्यांची साइट, नमुन्याच्या फायली आणि चुका दाखवणारं तपासणीचं बटण. टॅग म्हणजे माहितीच्या आधी आणि नंतर घालायची कंसातली खूण: टॅग उघडायचा, माहिती लिहायची, टॅग बंद करायचा. बंद करायचा राहिला तर पुढचं सगळं त्याच्या पोटात जातं, असं बाई हसत म्हणाल्या.

दुधात मिठाचा खडा एकच. माझ्याबरोबर माझ्या धाकट्या जावेलाही इथेच घेतलं आहे, आणि कायमची जागा एकच आहे. महिनाअखेर ठरेल.

शुक्रवार, ७
सरावासाठी प्रत्येकीने स्वतःच्याच सामानाची सूची करायची होती, जणू आपण कुणी थोर व्यक्ती. मी तीन दिवस डोळे फोडून केली, तर बटणाने एकोणीस चुका काढल्या. धाकटीची पहिल्या फटक्यात बिनचूक. बाईंनी ती सगळ्यांना दाखवली. घरी सासूबाईंनी तेच पुराण लावलं: धाकटी हसतखेळत शिकते, थोरलीला सगळं घोटून पाजावं लागतं. आमचे हे मान डोलावत होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. जळते मी तिच्यावर, हो, जळते. निदान वहीत तरी खरं लिहावं.

मंगळवार, ११
जेवणाच्या सुट्टीत तिची फाइल उघडली. हयात माणसाच्या जन्मसालापुढे एक रेघ मारून पुढची मृत्युसालाची जागा रिकामी ठेवतात. मी तिथे चालू साल घातलं. बाईंसमोर तिची फजिती व्हावी, एवढंच मनात होतं. तेवढ्यात पावलं वाजली, म्हणून घाईघाईने साठवून उठले.

बुधवार, १२
धाकटी सकाळपासून दिसली नाही. विचारलं तर सासूबाई रडायलाच लागल्या. म्हणाल्या, अगं, तिला जाऊन चार महिने झाले, असं काय करतेस? दीर उठून गेले. पण काल संध्याकाळी तिने माझ्यासमोर भाजी चिरली होती! आणि तरीही पहिला विचार आला तो जागेचा, की आता ती माझी.

गुरुवार, १३
कचेरीत चौदा नवी खोकी आली आहेत. तिच्या ओढण्या, तिची प्रगतिपुस्तकं, तिचा तुटका कंगवा, सगळ्यांवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या. वाचकांच्या खोलीत रांग होती आणि जो तो तिचंच खोकं मागत होता. बाई म्हणाल्या, असा संग्रह नशिबाने मिळतो. गेली तरी कौतुक तिचंच.

शनिवार, १५
चौदाची वीस झाली. पंधराव्यात माझा चष्मा. माझ्या भावाची मला आलेली पत्रं. तिची फाइल उघडून पाहिली — साल घातलं होतं, पण त्या घाईत टॅग बंद केलाच नव्हता. पुढचं सगळं तिच्या — मी बंद करते, साठवते. पुन्हा उघडून बघते तर उघडाच. बटण म्हणतं, बिनचूक.

सोमवार, १७
आमच्या ह्यांनी दार उघडलं आणि विचारलं, कोण हवंय? अगदी नम्रपणे. सासूबाईंनी आतून विचारलं, कोण आहे रे? हे म्हणाले, धाकटीच्या ओळखीचं कुणीतरी.

मंगळवार
वाचकांच्या खोलीत बसले आहे. आत कामाच्या खोलीत सोडत नाहीत. सूचीत शोधलं — सापडले. खोकं पंधरा, पोटनोंद चार: थोरली जाऊ, नाव अज्ञात. वर तिचं नाव केवढ्या मोठ्या अक्षरांत! आणि मी तिच्या खाली, तिच्या आत — नाही, हे मी चालू देणार नाही. इथे लिहून ठेवते. शाईने. कुणी वाचलं तर बाईंना दाखवा. माझं नाव