कोकिळाच्या बाळंतपणाची खोली

१६ नोव्हेंबर १९९३, मंगळवार. सकाळी ६.
आजपासून पुन्हा रोज लिहायचे ठरवले. शेत येलदरीच्या धरणात गेले, त्याच धरणावर नोकरी लागली. चोवीस वर्षे पाण्याची पातळी मोजून गेजच्या रजिस्टरात लिहिली. एक दिवस चुकला नाही. शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दूत, पण आकडे साफ. पेन्शनीत आल्यापासून लिहायला काही नव्हते. आता आहे. पालमला दिलेल्या कोकिळाला सातवा लागला. एकुलती एक लेक. पहिले बाळंतपण माहेरी, हा रिवाज आहे. तिची आई पार्वतीबाई जाऊन दोन वर्षे झाली, म्हणून माहेर काय बंद पडले? सगळी तजवीज मी करणार.
ठराव: मागची खोली रिकामी करणे. रंग. पाळणा. मच्छरदाणी. मग जाऊन पोरीला आणणे. आठव्यात प्रवास नको म्हणतात, म्हणजे तीस तारखेच्या आत. चौदा दिवस पुष्कळ झाले.

१७ नोव्हेंबर.
खोली मोजली. दहा फूट बाय आठ फूट तीन इंच. पुन्हा मोजली. आठ फूट दोन इंच. भिंत सरळ नाही. खताची पोती, बंद रेडिओ, पार्वतीच्या गोधड्या, सगळे ओसरीत आणले. आता ओसरीत बसायला जागा नाही. उभ्याने चहा घेतला.

१९ नोव्हेंबर.
शेजारची चतुराबाई डोकावून गेली. म्हणाली, भावजी, हे काय उकरायलाव? आधी पोरीला तर आणा. बाळंतपण मी बघते की, तेल लावायला माझे हात काय झडलेत का? बाई मनाने चांगली आहे. प्लॅनिंग मात्र तिला समजत नाही.

२३ नोव्हेंबर. दुपारी.
कोकिळाचे पत्र. लिहिते, ‘दादा, दिवाळी झाली. न्यायला मुऱ्हाळी कधी येतो म्हणून इथं रोज विचारायलेत. तुमी कधी येताव?’
पोर समजूतदार आहे. खोली तयार झाली का, हे बापाला सरळ कसे विचारणार, म्हणून असे आडून लिहिते. लगेच कार्ड टाकले: काम जोरात चालू आहे, काळजी नसावी.

२७ नोव्हेंबर.
जिंतूरहून डिस्टेंपर आणले. डब्यावर आभाळी, भिंतीवर दवाखान्यासारखे. दुसरा हात मारला. आता दोन दवाखान्यांसारखे. किल्लारीच्या भूकंपात कोपऱ्यात बारीक चीर पडली होती, ती सिमेंटने बुजवली. सिमेंट ओले, त्यावर रंग धरत नाही.

३० नोव्हेंबर. सकाळी ७.
पिशवी भरली होती. भिंतीला बोट लावून पाहिले, ओली. ओल्या रंगात गर्भारशी पोरीला निजवणे बरोबर नाही. जाणे रद्द. उद्यापासून आठवा. एका अर्थाने बरेच झाले, पूर्ण महिना मिळाला. घाईत काम बिघडते.
संध्याकाळी भाकरी करपली. एकट्यापुरती एकच करतो, तरी करपते.

९ डिसेंबर.
सटवाजी सुतार आला. त्याला सांगितले, पाळणा लांबी चार फूट, रुंदी तीन, उंचीही तीन. मूल वाढणारच. तो म्हणाला, गेजसाहेब, पाळणा करायलो का बैलगाडी? मी दुर्लक्ष केले. लाकूड सागवानी. माझ्या देखरेखीखाली काम व्हावे म्हणून त्याला खोलीतच बसवले. त्याच्याशी दिवसभर बोलणे झाले. बऱ्याच महिन्यांनी.

१४ डिसेंबर.
पाळणा आज पुरा होणार होता. रंधा पुन्हा मारायला लावला. सटवाजी म्हणाला, लाकडात आता काही शिल्लक न्हाई राहायचं. तरी उद्या ये म्हणालो.

२० डिसेंबर.
जावई रामकिशनचे पत्र. अक्षर सुंदर. ‘आईने विचारले आहे, आपल्याकडे काही अडचण असल्यास मोकळेपणाने कळवावे. इकडेही व्यवस्था होऊ शकेल.’
मोठा सभ्य मुलगा. माझी अडचण विचारतो! अडचण एकच आहे, आढ्याला पाळण्याची कडी मजबूत बसत नाही. ते सविस्तर कळवले. चित्रही काढून दिले.

४ जानेवारी १९९४.
नववा लागला. परवा निघायचे पक्के. चतुराबाई संगे येते म्हणाली, बाईमाणूस लागतंच. तिने धुवट पातळ काढूनही ठेवले.

५ जानेवारी.
कडीची टेस्ट राहिली होती. पाळण्यात वीस किलोचा दगड ठेवून झोके दिले. चतुराबाई ओरडत आली, रिकामा पाळणा हालवू नये भावजी! मी म्हणालो, रिकामा नाही, दगड आहे. ती म्हणाली, मग तर लईच चांगलं झालं, आन् कपाळाला हात लावून गेली.
कडी अर्धा इंच सरकली. उद्याचे जाणे रद्द.

९ जानेवारी.
कडी बसली. पण परवा अमावस्या. अमावस्येच्या तोंडावर लेकीला घराबाहेर काढणे बरे दिसत नाही. आणि संक्रांत अगदी जवळ आली. संक्रांत झाल्यावर निघू. चतुराबाईने काढलेले पातळ पुन्हा घडी करून ठेवले. काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की मला करमत नाही.

१५ जानेवारी.
मराठवाडा विद्यापीठाचे नाव बदलल्याचे चतुराबाईच्या रेडिओवर सांगितले. गडबडीच्या धाकाने आज स्टँडवर गाडी नाही. मी पिशवी घेऊन दोन तास उभा होतो. गाड्याच नाहीत, त्याला माझा काय इलाज? उलट खोलीत मच्छरदाणीचे खिळे ठोकायला एक दिवस मिळाला.

१८ जानेवारी. पालम. (१९ तारखेला लिहिले.)
एकटाच गेलो. चतुराबाईला विचारायची हिंमत झाली नाही. जिंतूर, परभणी, गंगाखेड, चार गाड्या बदलून तीन वाजता पोचलो. दारात रामकिशन. पाया पडला. म्हणाला, मामा, मुलगी झाली, पंधरा तारखेला. पत्र टाकलंय, मिळालं न्हाई का?
विहीणबाई कस्तुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. म्हणाल्या, इवाई, तुमची वाट पोरीनं बघितली, नातीनं काही बघितली न्हाई.
सोयर असल्याने पुरुषांनी दहा दिवस आत जायचे नाही. खोलीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा. आत शेगडीचा धूर, आणि एक बाज असावी. आमच्या खोलीच्या निम्मी खोली. मी उंबऱ्याबाहेर उभा राहिलो. कोकिळा आतून म्हणाली, दादा, दिवाळीपासून पेटी भरून ठेवलती मी.
मी म्हणालो, रंग ओला होता.
ती म्हणाली, च्या घेतला का?
घेतला म्हणालो. घेतला नव्हता.
निघताना कस्तुराबाई म्हणाल्या, सव्वीस तारखेला बारसं. पाळणा आजोळचा लागतो, तेवढं तरी वेळेवर आणा. मी शब्द दिला. पाळणा तर तयारच आहे. या बाबतीत आपण सगळ्यांच्या पुढे आहोत.

२० जानेवारी.
चतुराबाईने विचारले, नात कशी हाय? मी म्हणालो, नाक अगदी पार्वतीचे. तिने डोळ्याला पदर लावला.
बाळ पडद्याआड झोपलेले होते. मी पाहिलेले नाही.

२४ जानेवारी. सकाळी १०.
पाळणा खाली उतरवला. दारातून निघत नाही. उभा, आडवा, तिरका, सगळ्या रीतीने लावून पाहिला. दार मोजले. अडीच फूट. इतक्या महिन्यांत खोलीचे सगळे मोजले, दार राहिले.
सटवाजी पोट धरून हसला. म्हणाला, गेजसाहेब, पाळणा कापा न्हाई तर चौकट काढा. कापलेला पाळणा नातीला कसा देणार? चौकट काढायची ठरली. उद्या सुरू.
चतुराबाई म्हणाली, भावजी, पाळणा ऱ्हाऊ द्या. एक टोपरं घ्या आन् नुसतं जावा. पोरीला तुमचं तोंड दिसलं म्हणजे झालं.
मी म्हणालो, रिकाम्या हाताने आजोळ जात नसते. बाईला रिवाज माहीत नाही.

२५ जानेवारी.
चौकट निघेना. शेवटची गाडी गेली. उद्या पहाटे चौकट काढून पहिल्या गाडीने पाळणा टपावर टाकायचा. जमते.

२६ जानेवारी. दुपारी ४.
चौकट निघाली. तिच्या वरची भिंतही खाली आली. पाळणा मातीच्या ढिगाऱ्यामागे आहे. सटवाजी म्हणतो, दोन दिवस.
शाळेतले झेंड्याचे गाणे केव्हाच संपले. बारसे बाराच्या ठोक्याला होते.
आत्ता चतुराबाई वाटीभर घुगऱ्या घेऊन आली. नातीच्या नावाने तिनेच शिजवल्या. ओसरीत जागा नाही, म्हणून आम्ही दोघे अंगणात उभ्याने खाल्ल्या. म्हणाली, मग, नाव काय ठिवलं नातीचं?
मी म्हणालो, ठरायचे आहे अजून.