दिसले नाहीत

सातारा, १२ मार्च १९४६

दगडाबाईंना नमस्कार,

तुमचे मालक आकाराम पसरणीच्या घाटात माझ्या भावाच्या मोटारीखाली गेले, त्याला आज दोन वर्षं झाली. पेट्रोल वाचवायला चिंतामणने इंजिन बंद करून गाडी उतारावर सोडली होती. वैर नव्हतं, केवळ हयगय, असं म्हणून कोर्टाने त्याला दंडावर सोडलं. दूध उतू गेलं की आमच्या घरात हयगय म्हणतात.

कोर्टाबाहेर तुम्ही माझा हात धरलात. “आवं बाई, आमचं मालक त्येस्नी दिसलंच न्हाईत व्हय?”

साक्षीत सांगितलं तेच मी म्हटलं, “नाही दिसले.”

“मग त्येंचा तरी काय दोस!” म्हणत तुम्ही पदराने माझे डोळे पुसलेत.

दिसले होते, दगडाबाई. मेंढरांमागे, खांद्यावर घोंगडं घेतलेले. चिंतामण म्हणाला, “ताई, बघ हा कशी उडी मारतो!” त्याने भोंगा वाजवलाच नाही. आधीच्या दोन वळणांवर दोघा वाटसरूंनी अशाच उड्या मारल्या होत्या, आणि कॉन्व्हेंटमध्ये हसायचे तशी मी तोंडावर रुमाल धरून हसले होते.

तुम्हाला हे दुसऱ्याकडून वाचून घ्यावं लागेल, म्हणून पाठवत नाही, असं मी स्वतःला सांगते.

तुम्ही जिचे डोळे पुसलेत ती,
प्रमोदिनी