हळद नव्हती ती

आई, तुला लिहून काय उपयोग, तुला वाचता कुठे येत होतं! तरी लिहिते. आज माझी नात नायट्रेशनचा धडा घेऊन बसली होती. बेंझीनच्या कड्याला नायट्रो गट कसा चिकटतो ते समजावता समजावता माझाच जीव दमला.

आपल्या या उसाच्या बेटावर तेव्हा इंग्रजांचं राज्य, कॉलेजावरही त्यांचाच झेंडा होता. आपल्या प्लेन मान्येन गावाहून दोन बस बदलून मी क्वात्र बॉर्नच्या कॉलेजला जायचे, वर्गात एकटीच मराठी मुलगी. त्या दिवशी दोन ॲसिडं मिसळून बर्फात गार करत होतो, मग त्यात बेंझीन थेंब थेंब सोडायचं होतं. नायट्रिक बाटलीच्या गळ्यावरून ओघळलं ते माझ्या बोटांवर. बेंझीनचं जे करायचं तेच त्याने माझ्या कातडीचं केलं. कितीही धुतलं तरी बोटं पिवळी ती पिवळीच.

तू उसातून येऊन चुलीपाशी बसलेली. माझा हात धरतेस. "की सा, काय हे? अगो, ही हळद कुणाच्या नावाची?" मी म्हणते, ॲसिड आहे गं. तू ऐकतेस कुठली! धुण्याचा साबण घेऊन खसाखसा घासतेस. साबणाने हळद लाल होते हे आपल्यात कुणाला ठाऊक नाही? आणि माझी बोटं झाली नारिंगी. ॲसिडचा डागही साबणाने असाच गडद होतो, पण हे तुला कोण सांगणार! "चोरून लगीन लावलंस!" म्हणत तू कपाळ बडवून घेतलंस. कॉलेज बंद.

पण हळद चार दिवसांत जाते. माझा डाग कातडी सोलून निघाली तेव्हाच गेला. तू रोज बघत होतीस. एके संध्याकाळी भात वाढताना म्हणालीस, "चुकलं माझं गो. जा उद्यापासून." मी ताट सरकवलं. "आता नाही जायचं मला," म्हटलं. त्यानंतर मरेपर्यंत तू येईल त्याला सांगत राहिलीस, "माझ्या अडाणीपणाने पोरीचं शिक्षण बुडालं." मी शेजारी बसून ऐकत राहिले.

थकले गं मी हे वागवून. त्या दिवशी बोटं भाजल्यावर घाबरून मी सगळं बेंझीन एकदम ओतलं होतं. फ्लास्क तापला, तांबूस धूर उसळला, मिसनी तो ओढून बर्फात दाबला म्हणून आम्ही वाचलो. पुन्हा त्या खोलीत पाय ठेवायची माझी छाती नव्हती. तू हळद म्हणालीस ना आई, तेव्हा मला सुटल्यासारखं झालं होतं.