गळा देतो म्हणालास, मामा

मामा,

‘प्रिय’ लिहिलं होतं, खोडलं. आज आमच्या लेझरची टिप पहिल्यांदा माणसाच्या गळ्यात उतरली. मेडिकल कॉलेजमध्ये, देहदान केलेल्या कुणाच्या तरी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आले, आईने विचारलं "चहा टाकू?" आणि मी रडायलाच लागले. तो गळा तुझा असायला हवा होता ना!

आठवतं, लालबागच्या तुमच्या खोलीत कोंबडी-वडे खाताना मी माझं काम समजावत होते? स्वरतंतूवर गाठ आली की लेझरने जाळायची. पण केसभर जरी खोल गेलं तरी आवाज घोगरा, कायमचा. म्हणून सर्जनचा हात थरथरला तरी ज्याची टिप हलणार नाही, असं इन्स्ट्रुमेंट आम्ही बनवतोय. तू लगेच आरशासमोर आ करून गळ्यात मोबाइलचा टॉर्च मारायला लागलास! मामी ओरडली, "आधी तोंडातलो वडो गिळा!"

मग विचारलंस, प्रॅक्टिस कशावर करता? म्हटलं, बकऱ्याच्या गळ्यावर, खाटकाकडून आणतो. पण माणसाचे थर वेगळे असतात रे, त्यावर ट्राय केल्याशिवाय कळणार नाही.

आणि तू छाती ठोकलीस, "मेल्यार ह्यो गळो माका कित्याक व्हयो? तूच घे गो चेडवा!"

कोणी सांगितलं होतं रे तुला? तुझा गळा मी मागितला होता? अख्ख्या चाळीला तूच सांगत सुटलास. गणपतीत मंडळाच्या माईकवर हरवलेल्या मुलांची नावं पुकारणारा तुझा तो आवाज! मी लॅबमध्ये किती भाव खाल्ला असेल त्यावर.

तू गेलास त्या सकाळी मी मामीला मिठी मारली आणि रडत रडतच कॉलेजला फोन लावला. ॲम्ब्युलन्स निघते म्हणाले. तेवढ्यात मंगेशदादाने मला जिन्यात ओढलं.

"थांब. बाबांना भोईवाड्याच्या स्मशानात नेतोय. जाळायचं म्हणाले होते."

"कधी म्हणाले?"

"गणपतीच्या आधी. तुला नको सांगू म्हणाले. पोरगी हिरमुसेल."

हिरमुसेल! दादाला माहीत, मामीला माहीत, शेजारच्या काकूंनाही माहीत. फक्त मला नाही. त्याच जिन्यात उभी राहून मी परत फोन लावला आणि म्हटलं, सॉरी, येऊ नका. खाली सगळे बघत होते, मामा.

जाळून घेतलंस त्याचा राग नाही. बॉडी तुझी, मर्जी तुझी. पण दादाला तसं सांगितल्यावरही दर रविवारी मी येऊन लॅबच्या गोष्टी सांगायचे आणि तू "वा! वा!" करायचास. तेव्हा मनात काय चाललेलं तुझ्या? हजारो माणसांसमोर माईकवर बोलणारा माणूस, भाचीला एक "नाही" म्हणता आलं नाही तुला?

तेराव्याला मामी म्हणाली, "अगो, ते घाबरत होते. गळोच नाय तर वर जावन बोलतलंय कसो, म्हणत होते."

हे मला का नाही सांगितलंस? हसले असते, हो, नक्की हसले असते. पण मग तुझ्या बाजूला येऊन बसले असते. मी तुला मशीन वाटले का रे, गळे गोळा करत फिरणारी?

आज लेझरचा लाल ठिपका गाठ समजून मार्क केलेल्या जागेवर बसला. वरचा थर गेला, खालचा शाबूत. अगदी क्लीन! ज्या माणसाचा गळा होता त्याचं नाव आम्हाला सांगत नाहीत. मी मनातल्या मनात त्याला थँक यू म्हटलं, आणि त्याच क्षणी तुझी इतकी चीड आली! कोण कुठला परका माणूस, त्याने शब्द पाळला. आणि तू माझा मामा.

सगळे म्हणतात, गेलेल्या माणसावर रागावू नये, माफ कर. नाही केलंय अजून. उगाच केलं म्हणणार नाही, तुझ्यासारखं.

पण प्रॉमिस करते. ज्या दिवशी खरंच माफ करेन, त्या दिवशी सगळ्यात आधी तुला सांगेन. मंगेशदादाला नाही.

तुझी हिरमुसलेली,
सई