मुक्या माराची गाठ

५ जानेवारी १९९८, लिंबायत, सुरत
उजव्या मांडीत गाठ. विशेष काही नाही. दिवाळीआधी कारखान्यात सुकलालच्या लूमवरून सूत नेणारा धोटा उडून लागला होता, त्याचा मुका मार. सुकलाल म्हणतो, धोटा डाव्या मांडीला लागला होता. सुकलालची स्मरणशक्ती पहिल्यापासूनच कच्ची. संकल्प: रोज हळद.

१४ जानेवारी
उत्तरायण. सगळी गल्ली पतंग घेऊन गच्चीवर. मी चढलो नाही. यंदा मला पतंग आवडत नाहीत. गाठ लिंबाएवढी होती, पेरूएवढी झाली. बायको, सुषमा म्हणे, हळदनं काय व्हयनं? हळद भेसळीची निघाली, दुसरं काय.

२० जानेवारी
डॉक्टर म्हणाले, सुई घालून तुकडा तपासू. मी साफ नाही म्हटलं. सुईने गाठ चिडते, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मग ते म्हणाले, मुंबईला मोठ्या दवाखान्यात एमआरआयसोबत नवीन स्पेक्ट्रोस्कोपी करतात. मशीन बाहेरूनच गाठीतलं रसायन ओळखतं, आलेख काढतं. हे मला पटलं. सुई तरीही लागेल आणि गाठ वाईट निघाली तर पायावर बेतेल, असंही म्हणाले. ते मी लिहून ठेवत नाही.

२९ जानेवारी, मुंबई
टेक्निशियन म्हणाला, आवाज फार होतो, घाबरू नका, हलू नका. हसू आलं. माझा जन्म लूमच्या खडखडाटात गेला.

संध्याकाळी
आवाज इतका ओळखीचा की झोप लागली. फोटो उत्तम आले. मग स्पेक्ट्रोस्कोपी. त्यात मशीन जवळजवळ गप्पच. लूमवर आवाज थांबला म्हणजे धागा तुटला, उठून जोडायचा. झोपेतच उठलो. कपाळ आपटलं, आलेख बिघडला. पुन्हा लावलं, पुन्हा डोळा लागला, पुन्हा उठलो. शेवटी टेक्निशियनने सुषमाला माइकवर बोलावलं. ती म्हणे, आठे लूम नै शे, पडी ऱ्हा.

३० जानेवारी
आलेख पाहिला. नुसती खरखरीत रेघ, एकही टोक नाही. टोक नाही म्हणजे गाठीत काही नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हलल्यामुळे यातून काहीच कळत नाही. तेच तर मी म्हणतोय. एसटीडीवरून सुकलालला कळवलं: क्लीन. त्याने कारखान्यात पेढे वाटले.

६ फेब्रुवारी
पुन्हा आलेख. जागा राहिलो. या वेळी टोक आलं, चांगलं उंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लक्षण बरं नाही, पण पक्कं सुईच सांगेल. मी म्हटलं, मशीन नवीन आहे, शिकतंय अजून. सुई घातली. गाठ चिडली नाही. मीही नाही.

१९ फेब्रुवारी
निकाल वाईट. पाय मांडीच्या मुळापासून काढणार. सुषमा रडली. मला काहीच वाटलं नाही. वाटेल उद्या-परवा.

२७ मार्च, लिंबायत
दुपारी लाइट गेली. गल्लीतल्या सगळ्या लूम एकदम थांबल्या. मी उठलो. सवयीने उजवा पाय आधी टाकला.

सुषमाने उचलून खाटेवर घातलं. म्हणे, पडी ऱ्हा. डाव्या मांडीला मार बसला होता, तिथे ती हळद लावत होती. हळदीखाली धोट्याचा जुना व्रण दिसला. सुकलालचं बरोबर होतं.